ठेवणाराचें कांहींच देणें नाहीं काय?

ता. १२ फेब्रुवारी २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एका वैवाहिक दाव्यांत निकाल देतांना मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें पूर्वीं वापरलेल्या दोन शब्दप्रयोगांवर कडक ताशेरे ओढले. नवऱ्याची पहिली बायको हयात असल्यामुळें जिचा विवाह कायद्यानें मुळांतच रद्द ठरतो, अशा स्त्रीला त्या पूर्णपीठानें ‘बेकायदा बायको’ व ‘एकनिष्ठ रखेली’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनीं संबोधिलें होतें. न्या. अभय ओक यांच्या पीठानें हे शब्द स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविले. आणि विवाह रद्द झाला तरी हिंदु विवाह कायद्याच्या २५ व्या कलमान्वयें तिला कायमच्या पोटगीची मागणी करतां येईल, मात्र ती देणें न देणें हें प्रत्येक दाव्याच्या हकीकतीवर व पक्षकारांच्या वर्तनावर अवलंबून राहील, असा निर्णय दिला. हा निकाल आम्हांस सर्वस्वी मान्य आहे. न्यायासनावरून उच्चारलेला शब्द खालच्या कोर्टापासून गांवच्या चावडीपर्यंत झिरपतो, आणि तेथें त्याची शिवी होते.

परंतु या निकालानें आंत घेतली ती रद्द कां होईना, विवाहाचा कांहीं विधि जिच्या पदरीं आहे ती स्त्री. जिच्या पदरीं अक्षता नाहींत, हारतुरे नाहींत, देवळांतला एक फोटोही नाहीं, केवळ पंधरा वीस वर्षांचा सहवास आणि एक भाड्याची खोली आहे, ती पूर्वींप्रमाणेंच उंबऱ्याबाहेर आहे. आजचा आमचा विषय तिचा आहे. वयानें वडील व पैशानें सबळ असा पुरुष, तरुण व निराधार अशी स्त्री. तो भाडें देतो, किराणा भरतो, सणाला लुगडें आणतो. ती तरुणपण देते, आजारपणांत उशाशीं बसते, दुसरीकडे कोठें जात नाहीं व त्याच्या जिवंतपणीं दुसरा आधारही शोधीत नाहीं. पुढें तो कंटाळतो किंवा मरतो. कंटाळला तर निरोप येतो; मेला तर तेराव्याच्या आंत दाराला कुलूप पडतें. तिच्या हयातीचीं चांगलीं वर्षें त्या घरीं जमा झालीं होतीं, याची नोंद कोणत्याही वहींत सांपडत नाहीं.

कोल्हापुरास हा विषय नवा नाहीं. आमच्या भाषेंत अशा स्त्रीसाठीं शब्दांचा तोटा कधींच पडला नाहीं: नाटकशाळा, अंगवस्त्र, राख, ठेवलेली, तिच्या पोटच्या मुलास लेकावळा. पुरुषासाठीं मात्र शब्द आहेत ते मानाचे. आमच्याकडे तो ‘मालक’. गोमंतकांत कलावंतिणींच्या संबंधांतील पुरुषास ‘यजमान’ म्हणत. एकाच व्यवहारांतल्या दोन पक्षकारांपैकीं एकाला शिवी व दुसऱ्याला पदवी, ही वांटणी ज्या समाजानें केली, त्यानें देण्याघेण्याचा हिशेबही तसाच केला असल्यास नवल नाहीं.

या व्यवहाराचें सर्वांत जुनें व सर्वांत उघडें रूप म्हणजे जोगतिणीचें. शहरांतच ओढ्यावरची यल्लमा आहे; मार्गशीर्षांत सौंदत्तीच्या यात्रेस आपल्या जिल्ह्यांतून एस.टी.च्या गाड्यांमागून गाड्या भरून जातात. भक्तीशीं आमचें भांडण नाहीं. परंतु केंसांत जट आली, घरांत आजार हटेना, नवस फेडावयाचा राहिला, अशा कारणांनीं अजाण पोर देवीस सोडावयाची, आणि ती वयांत आली म्हणजे गांवांतल्या एखाद्या सधन गृहस्थानें खर्च उचलून तिचा ‘मालक’ व्हावयाचें, ही रीति गडहिंग्लज, चंदगड व सीमेपलीकडे निपाणीच्या बाजूस पिढ्यान् पिढ्या चालली. देवीशीं लग्न लागल्यानें तिचें माणसाशीं लग्न लागत नसे. आणि माणसाशीं लग्न लागत नसल्यानें माणसाला कांहीं द्यावें लागत नसे! सोडल्या जाणाऱ्या पोरी बहुतेक दलित व गरीब घरच्या, आणि मालक बहुतेक जमीनदार व पैसेवाले, हा योगायोग देवीनें घडविला असें म्हणावयास आमची जीभ धजत नाहीं. राजन गवस यांनीं ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांत आणि उत्तम बंडू तुपे यांनीं ‘झुलवा’ मध्यें हें जग मराठी वाचकांपुढें मांडलें आहे. ज्यांना आमचें म्हणणें अतिशयोक्तीचें वाटेल त्यांनीं तीं पुस्तकें उघडून पहावीं.

राजर्षि शाहु छत्रपतींची दृष्टि येथें आठवते. १९१७ सालीं विधवाविवाहाच्या नोंदणीचा कायदा करणाऱ्या या राजानें १९२० सालीं अनौरस संतति व जोगतिणी यांच्या संबंधानें कायदा केला. त्या कायद्याच्या नांवाकडेच वाचकांनीं लक्ष द्यावें. जोगतीण व अनौरस मूल हे दोन विषय महाराजांनीं एकत्र बांधले. अर्थात् हा प्रश्न नुसत्या नीतीचा नसून वारशाचा व भाकरीचा आहे, हें त्यांस दिसलें होतें. पुढील सुधारकांचा व कायद्यांचा भर अधिक करून मुलगी सोडण्याचा विधि बंद पाडण्यावर राहिला. १९३४ च्या मुंबई कायद्यानें देवदासी वाहणें बेकायदा ठरविलें व देवदासीनें केलेला विवाह वैध मानला. १९७५ सालीं गडहिंग्लज येथें डॉ. बाबा आढाव, प्रा. विठ्ठल बन्ने प्रभृतींच्या पुढाकारानें देवदासींची परिषद भरली आणि या स्त्रिया प्रथमच स्वतःच्या तोंडानें बोलूं लागल्या. कर्नाटकानें १९८२ मध्यें व महाराष्ट्रानें २००५ मध्यें या प्रथेविरुद्ध नवे कायदे केले. या सर्व खटाटोपाचें श्रेय ज्याचें त्यास देऊनही एक गोष्ट राहतेच. विधि बंद पडला तरी व्यवहार बंद पडत नाहीं. ज्या मालकानें पंचवीस वर्षें एक घर चालविलें, त्याच्याकडून कांहीं येणें निघतें कीं नाहीं, हा प्रश्न जटा कापून सुटत नाहीं. आज वृद्ध देवदासीस संजय गांधी निराधार योजनेंतून अनुदान मिळूं शकतें. २०२३ सालीं तें दरमहा १,५०० रुपये झालें. म्हणजे मालकाचें देणें सरकारनें, पर्यायानें तुम्हीं आम्हीं कर देणारांनीं, फेडावयाचें आणि मालकाची मिळकत निर्वेध राहावयाची!

जुन्या काळीं याच व्यवहारास लग्नाचाही वेष चढवीत. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या ‘संगीत शारदा’ नाटकानें पैशाच्या बळावर कोवळी पोर घरांत आणणाऱ्या थेरड्याची जी शोभा केली, ती महाराष्ट्र विसरला नाहीं. त्यांतील मुलीस निदान पत्नी हें नांव व विधवेची पोटगी तरी मिळाली असती. यावरून बाकीच्यांची दशा किती हलकी तें कळतें. आणि आतां नव्या काळानें नवा वेष आणला आहे. मोबाईलवर ओळख व्हावी, वयस्क गृहस्थानें शिक्षणाचा, खोलीचा, दागिन्यांचा खर्च उचलावा व तरुणीनें, क्वचित् तरुणानेंही, सोबत द्यावी, यास ‘शुगर डॅडी’ असें इंग्रजी नांव पडलें आहे. साखरेच्या या जिल्ह्यांत तरी त्या शब्दाचा अर्थ निराळा असावयास पाहिजे होता! शब्द विलायती आहे म्हणून वस्तु विलायती आहे असें मानून नाकें मुरडणाऱ्यांस आम्ही इतकेंच म्हणतों कीं, हा माल आपल्याच वखारींतला आहे. वेष्टन तेवढें बाहेरचें. फरक असलाच तर हा कीं, शिकलेल्या तरुणीस निदान नाहीं म्हणण्याची कांहीं मोकळीक असते. देवीस सोडलेल्या पोरीस ती नव्हती. पण तिच्या फीचे पैसे दुसऱ्याच्या खात्यांतून येऊं लागले कीं ही मोकळीक दर सहामाहीस थोडी थोडी कमी होत जाते.

आतां कायद्याकडे वळूं. येथें एक विलक्षण प्रकार आहे, व तो सामान्य वाचकांस बहुधा ठाऊक नसतो. जुन्या धर्मशास्त्रांत ‘अवरुद्ध स्त्री’ नांवाची संज्ञा आहे. एका पुरुषानें केवळ आपल्यासाठीं राखलेली व त्याच्याशीं एकनिष्ठ राहिलेली स्त्री, असा तिचा अर्थ. अशा स्त्रीस, पुरुष मेल्यावर, त्याच्या मिळकतींतून अन्नवस्त्र मिळण्याचा हक्क होता. मुंबईच्या बाई नागूबाई विरुद्ध बाई मोंघीबाई या दाव्यांत उच्च न्यायालयानें हा हक्क संकुचित केला होता. प्रिव्ही कौन्सिलनें १९२६ सालीं तो निकाल फिरविला आणि स्त्री त्या पुरुषाच्या कुटुंबांत एका छपराखालीं राहत नसली तरी तिचा हक्क जात नाहीं असें ठरविलें. शूद्र म्हणून गणलेल्या वर्गांत तर अशा स्त्रीच्या मुलास बापाच्या मिळकतींत हिस्साही मिळे. वरच्या वर्णांतील मुलास केवळ पोटगी. या जुन्या कायद्याचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. पुरुष जिवंत असेपर्यंत तिला कांहींच मागतां येत नसे, तो वाटेल त्या दिवशीं तिला हांकलूं शके. आणि त्याच्या मृत्यूनंतरही तिनें एकनिष्ठ राहावें अशी अट होती. मुलाचा हक्क बापाच्या जातीवर ठरे, ही तर उघड विटंबना होती. तथापि या सर्व दोषांच्या पोटांत एक न्यायाचा कण होता. ज्यानें पोसून परावलंबी केलें, त्याच्या मिळकतीवर त्या परावलंबनाचा बोजा राहतो, एवढें त्या कायद्यास मान्य होतें.

स्वातंत्र्यानंतर १९५६ सालीं हिंदु दत्तक व निर्वाह कायदा आणि हिंदु वारसा कायदा झाले. मुलीस, विधवेस, आईस त्यांनीं जें दिलें तें मोठें आहे. परंतु मृताच्या मिळकतींतून निर्वाह मागूं शकणाऱ्या आश्रितांची जी यादी निर्वाह कायद्याच्या २१ व्या कलमांत छापली, तींत अनौरस अज्ञान मुलगा आला, अनौरस अविवाहित मुलगी आली. त्यांची आई मात्र गाळली गेली. वारसा कायद्यानेंही अनौरस मुलाचें नातें आईपुरतें ठेवलें. एका हातानें पत्नीची प्रतिष्ठा वाढविली, दुसऱ्यानें हें जुनें दार लावून घेतलें, आणि या दुसऱ्या गोष्टीबद्दल कोणीं फारसा आवाज काढला नाहीं. ज्या स्त्रीच्या बाजूनें बोलल्यास स्वतःच्या चारित्र्याबद्दल लोक कुजबुजतील, तिच्या बाजूनें कायदेमंडळांत कोण उभा राहणार?

मुंबई प्रांतानें १९४६ सालीं द्विभार्या प्रतिबंधक कायदा केला होता, तोही योग्यच. मात्र त्याचा उलटा परिणाम असा झाला कीं, जी पूर्वीं दुसरी बायको होती ती आतां कोणीच राहिली नाहीं. महाराष्ट्रांतल्याच दोन दाव्यांचे निकाल शेजारीं ठेवून पहावे. १९६५ सालीं पुरुषावर दुसरें लग्न केल्याचा खटला झाला, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं गांधर्व पद्धतीच्या त्या लग्नांत होम व सप्तपदी हे आवश्यक विधि झाले नाहींत, म्हणून लग्नच झालें नाहीं, पुरुष सुटला. १९८८ सालीं दुसऱ्या एका स्त्रीनें पोटगी मागितली, तेव्हां ठरलें कीं विधि झाला असला तरी पहिली हयात असल्यानें लग्न रद्द, म्हणून पोटगी नाहीं. विधि अपुरा असला तर पुरुषास शिक्षा नाहीं, विधि पुरा असला तर स्त्रीस पोटगी नाहीं! दोन्ही निकाल कायद्याच्या अक्षरास धरून आहेत, हें आम्ही वकिलीच्या पेशांतले असल्यानें जाणतों. ज्या कायद्याचें अक्षर दोन्ही खेपेस एकाच पक्षकाराच्या पदरांत फळ टाकतें, त्या अक्षरांत दुरुस्ती पाहिजे, हेंही त्याच पेशानें शिकविलें आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानें ‘विवाहसदृश संबंधां’तील स्त्रीस संरक्षण दिलें, तेव्हां आशा वाटली होती. २०१० सालच्या ऑक्टोबरांत सर्वोच्च न्यायालयानें त्या शब्दांचा अर्थ लावला. दोघेंही विवाहास पात्र, म्हणजे अविवाहित असलीं पाहिजेत. आणि ज्या स्त्रीस पुरुष पैशानें पोसतो व मुख्यतः शरीरसुखासाठीं अथवा मोलकरणीप्रमाणें वापरतो, तिचा संबंध विवाहसदृश नव्हे. या निकालांतील ‘ठेवलेली’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावर त्या वेळच्या अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनीं न्यायालयांतच हरकत घेतली, ती रास्त होती. पण आमची मुख्य हरकत शब्दावर नाहीं. १९२६ सालीं पुरुषानें पोसलें हा स्त्रीच्या हक्काचा पाया होता. २०१० सालीं पुरुषानें पोसलें हाच तिच्याविरुद्ध पुरावा झाला. चौऱ्यांशीं वर्षांत आम्ही पुढें गेलों कीं मागें? २०१३ सालीं बंगळूरच्या एका दाव्यांत, विवाहित पुरुषाबरोबर कित्येक वर्षें राहिलेल्या स्त्रीस रिक्त हस्तें परत पाठवितांना याच न्यायालयानें, संसदेनें या प्रश्नाचा विचार करून कायदा करावा अशी सूचना केली. संसदेनें अद्याप तसा कायदा केलेला नाहीं. उत्तराखंडानें समान नागरी कायदा करून २७ जानेवारी २०२५ पासून सहवासाची नोंदणी सक्तीची केली व टाकून दिलेल्या स्त्रीस निर्वाह मागण्याची मुभा दिली. परंतु दोघांपैकीं एक विवाहित असल्यास तो संबंध नोंदला जात नाहीं. पुन्हा बाहेर राहिली ती तीच! फौजदारी बाजूस १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्यायसंहितेचें ६९ वें कलम आहे. लग्नाची, नोकरीची थाप देऊन शरीरसंबंध ठेवणाऱ्यास त्यांत दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. उत्तम. पण कैदेंतला पुरुष भाडें भरीत नाहीं. आणि ज्यानें थाप न देतां उघड उघड व्यवहार केला, त्यास तें कलम लागतही नाहीं.

आमच्या सूचनेवर पहिली हरकत घेईल ती धर्मपत्नी, आणि तिची हरकत हलक्यानें झिडकारण्याजोगी नाहीं. आयुष्यभर अपमान गिळला, आतां भाकरींतही वाटेकरी काय, असें ती विचारील. तिच्या हक्काच्या ताटांतला घांसही कमी होऊं नये हें आम्हांस सर्वतोपरी मान्य आहे. पत्नी व औरस मुलें यांचा हिस्सा आधीं. वडिलोपार्जित मिळकतीस हात नाहीं. केवळ पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतींतून, दीर्घकाळ व खरोखर परावलंबी राहिलेल्या स्त्रीस, तिला दुसरें साधन नसेल तर, तिच्या हयातीपुरतें अन्नवस्त्र व निवारा. याहून अधिक आम्ही मागत नाहीं. चार महिन्यांची हौस किंवा दोन्ही बाजूंनीं समजून उमजून केलेली देवघेव यांत येऊं नये. असल्या कायद्यानें दुराचारास उत्तेजन मिळेल, असा दुसरा आक्षेप येतो. तो नेहमींच चमत्कारिक वाटतो. देणें लागणार नाहीं अशी खात्री असली म्हणजे मनुष्य उधारी कमी करतो कीं अधिक? पोसण्याबरोबर बोजा येतो हें कळलें तर पुष्कळ ‘मालक’ पहिल्याच पायरीवर विचार करतील.

शाहुपुरींत, लक्ष्मीपुरींत, गुजरींत पेढ्या चालविणाऱ्या आमच्या वाचकांस हा न्याय अपरिचित नाहीं. १९७२ सालीं ग्रॅच्युइटीचा कायदा झाला, तेव्हां पांच वर्षें सलग नोकरी केलेल्या मनुष्यास, दर वर्षामागें पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणें रक्कम देणें मालकावर आलें. दिवाणजी देखणा आहे कीं कुरूप, त्याचें मालकाशीं नातें पवित्र आहे कीं अपवित्र, हें तेथें कोणी विचारीत नाहीं. त्यानें उमेदीचीं वर्षें या गादीपाशीं घालविलीं, आतां दुसरी नोकरी मिळणें कठीण, एवढ्यावर त्याचें येणें निघतें. तेथें पांच वर्षांचा हिशेब होतो, आणि इकडे पंचवीस वर्षांचाही होत नाहीं.

कायदा होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत ज्याच्या मनांत कांहीं उरलें आहे, त्यास मार्ग बंद नाहींत. मागील सहवासाबद्दल कृतज्ञतेनें दिलेलें बक्षीस अनीतीच्या मोबदल्याचें म्हणून आपोआप रद्द होत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं तें हेतु या सदरांत घातलें, मोबदल्याच्या नव्हे. मात्र तें स्वकष्टार्जित मिळकतीचें असावें, घराचें वा जमिनीचें असल्यास दस्त नोंदणी केलेला असावा. एकत्र कुटुंबाची मिळकत कर्त्याला अशी देतां येत नाहीं. पुढील सहवासाच्या अटीवर केलेला करार टिकणार नाहीं. मृत्युपत्रही करतां येतें. तोंडी आश्वासनाचा उपयोग मात्र शून्य. पुष्कळ स्त्रिया नेमक्या त्याच्यावरच विसंबून असतात.

मुलांची स्थिति आईपेक्षां किंचित् बरी आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमान्वयें औरस अनौरस असा भेद न करतां अज्ञान मुलास बापाकडून पोटगी मागतां येते. हा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यापुढें होतो, जेथें कौटुंबिक न्यायालय असेल तेथें त्या न्यायालयांत. विवाह रद्द ठरला असला तरी त्यापासून झालेल्या मुलांस, एकत्र कुटुंबांतील बापाच्या वांट्यास येणाऱ्या हिश्श्यांत भाग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १ सप्टेंबर २०२३ रोजीं ठरविलें. ज्यांच्या आईबापांत विवाहाचा विधिच नव्हता त्यांस तो लाभ नाहीं, हें येथेंही ध्यानांत ठेवावें. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नांवापुढें आईचें नांव लावण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय आहे, त्यामुळें शाळेच्या दाखल्यावरची नामुष्की पुढच्या पिढीस थोडी कमी होईल.

ता. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचें सर्किट बेंच कोल्हापुरांत बसूं लागलें आहे. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांच्याबरोबर आपल्या जिल्ह्याचे दावे येथेंच चालतात. अर्जदार स्त्रीस मुंबईच्या गाडीभाड्यासाठीं कोणापुढें हात पसरावयास नको. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणें कोणत्याही स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानें वकील मिळतो. तो मागण्याचा अर्ज जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाच्या कचेरींत द्यावयाचा असतो, आणि त्यासाठीं तिला आपण कोणाची कोण हें सांगावें लागत नाहीं.